बहिणीच्या दारातला रस्ता

बहिणीच्या दागिन्यांवर, साड्यांवर, सुनेवर जळणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मी माझ्या बहिणीच्या रस्त्यावर जळते. हे कुणाला सांगायची सोय नाही. बहिणीकडं सोनं आहे म्हटलं की समोरची बाई समजून मान हलवते. बहिणीच्या दारात चालायला रस्ता आहे म्हटलं की ती माझ्याकडं निरखून बघते, हिला बरं नाही की काय, अशा नजरेनं.

आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. मी थोरली, मला साताऱ्यात दिलेली. आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन परत आले तेव्हा आम्ही हायवेच्या कडेला नव्यानं झालेल्या कॉलनीत बंगला बांधला. खाली तीन खोल्या, वर दोन, दारात गाडी. धाकटी सांगली जिल्ह्यातल्या एका लहान गावात असते. नगरपालिका आहे म्हणून त्याला शहर म्हणायचं, एवढंच. तिच्या नवऱ्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. तिच्या स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिल्या की तिसरीनं बाहेर थांबायचं. लहानपणी तिनं माझे जुने फ्रॉक घातले, माझी फाटकी पुस्तकं वापरली, माझ्या मागं मागं शाळेत आली. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण ती माझ्याच घरातली आहे हे कळायला पन्नाशी उलटली.

वडील गेल्यावर आईला फलटणकडच्या आमच्या गावी एकटी ठेवायची नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं. कुठं ठेवायची ते मी ठरवलं. माझं घर मोठं होतं, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. तळमजल्यावरची खोली तिला दिली. लागूनच न्हाणीघर, तिथं धरायला स्टीलच्या दांड्या, मागं रेलता येईल अशी खुर्ची, भिंतीवर टीव्ही. आई म्हणाली, "लय सोय केलीस गं." ते वाक्य मी बरेच दिवस जपलं. फोनवर धाकटीलाही ऐकवलं.

मग आईची साखर वाढली आणि गुडघे धरले. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण ह्यांना रोज चालवा." जणू ती बंद पडलेली मोटार होती आणि आम्ही किल्ली फिरवायला विसरलो होतो.

आता चालवा कुठं? आमच्या गेटातून बाहेर पाय टाकला की सरळ डांबर. त्या डांबरावर दोन्ही बाजूंनी लावलेल्या गाड्या आणि मधून जी उरेल त्या पट्टीत उलट दिशेनं येणाऱ्या मोटारसायकली. कडेला गटार आहे, त्यावरच्या फरश्या कुठं आहेत, कुठं नाहीत. हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत सर्व्हिस रोडवरून जातात तेव्हा गेटाच्या पत्र्याचाही आवाज होतो. आमचे हे रोज पहाटे चालायला जातात, पण गाडी घेऊन. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गाडी लावायची, चालायचं, परत गाडीत बसून घरी यायचं. कॉलनीतले सगळेच चालायला गाडीनं जातात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आईला तो चढ झेपण्यातला नव्हता, म्हणून ती एक दिवस आपली आपण गेटाबाहेर पडली. हातात रिकामी कापडी पिशवी घेतली होती. आमच्याकडं बाईमाणूस नुसतं चालायला म्हणून कधी निघत नाही. हातात पिशवी, कळशी, खुरपं, काहीतरी असलं की बाई कामाला निघाली. हात मोकळे असले की भटकायला. आयुष्यभर आई रानात, ओढ्यावर, बाजाराला किती चालली असेल, पण रिकाम्या हातानं एकदाही नाही. मी म्हटलं, पिशवी कशाला? तर म्हणाली, "मोकळ्या हातानं कुठं जायचं? लोक म्हंतील, म्हातारी भटकाय लागली."

चार दिवस ती अशी पिशवी घेऊन कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येत होती. पाचव्या दिवशी शेजारच्या बाईंनी मला कुंपणावरून विचारलं, "आईंना या वयात भाजीला पाठवता होय? आमच्या दारात गाडा येतो की, सांगायचं मला." माझ्या अंगाची लाही झाली. मी आईची पिशवी काढून कपाटात ठेवली. पिशवीशिवाय ती निघेना. पुढं एकदा मी देवळात गेलेली असताना निघाली, आणि उसाची ट्रॉली चुकवायला मागं सरताना तिचा पाय फरशीच्या फटीत गेला. पाय वाचला, चप्पल गटारात गेली. आमच्या ह्यांनी फौजी आवाजात सांगून टाकलं, "आई, आजपासून गेटच्या पुढं आउट ऑफ बाउंड." मग मी तिला गच्चीवर नेऊ लागले. पाण्याच्या टाकीभोवती दोन फेऱ्या मारून ती उभी राहिली आणि म्हणाली, "घाण्याला जुपलंय व्हय मला?" दुसऱ्या दिवशी ती जिना चढलीच नाही.

चैत्रात धाकटीच्या गावची जत्रा असते. आई आठ दिवस म्हणून तिकडं गेली.

आठाचे पंधरा झाले. मी फोन केला की म्हणायची, "येते की, यवडी एकादशी होऊ दे." एकादशी झाली, मग ऊन फार झालं, मग पाऊस लागला. धाकटी म्हणायची, "राहू दे की आक्का. रमलीया ती." रमलीया! माझ्या तीन खोल्यांत न रमलेली बाई हिच्या दीड खोलीत रमली होती. मला आधी वाटलं, धाकटीनं कान भरले. मग वाटलं, काहीतरी गोडधोड खायला घालत असणार, साखर आहे हे विसरून. फोनवर आईच्या मागून कसले कसले आवाज यायचे, सायकलच्या घंटा, पोरींचं हसणं, कुणीतरी "आज्जी, चला की" म्हणायचं. आज्जी! कुठल्या नात्यानं? मी पोटात दुखणं लपवून विचारायचे, जेवलीस का.

श्रावणात मी ह्यांना गाडी काढायला लावली. आईला घेऊन यायचंच, असं ठरवून गेले. धाकटीच्या घराला नुसती कडी होती. शेजारीण म्हणाली, "आज्जी व्हय? पाटावर गेल्यात. ह्या वक्ताला घरी नसत्यात त्या."

पाट म्हणजे नदीचं पाणी शेतांना नेणारा जुना कालवा. तो धाकटीच्या घरामागून जातो. तिचं लग्न झालं तेव्हा त्याच्या काठावर वेड्या बाभळी होत्या आणि लोक तिकडं पहाटे डबा घेऊन जायचे. मी तिला तेव्हा चिडवलंही होतं, तुझ्या घराला काय मागचं दार आहे. आता तिथं गेले तर ओळख पटेना. काठाची जमीन सपाट करून पेव्हर ब्लॉक घातले होते. पाण्याच्या बाजूला कठडा, त्याच्या आत चालणाऱ्यांची वाट, पलीकडं सायकलींची तांबडी पट्टी, मधे कडुनिंब आणि करंज. मोटारसायकल शिरू नये म्हणून तोंडाशी लोखंडी खांब रोवले होते. ती वाट एका अंगानं हायस्कुलाला, दुसऱ्या अंगानं दवाखाना, बाजार आणि एसटी स्टँडला लागत होती. वाटेत बाक होते आणि बाकांवर बसायला माणसंही होती.

मी खांबापाशी उभी राहिले. कॉलेजच्या पोरी सायकलवरून गेल्या, दोघी-दोघी, गप्पा मारत, कुणी हॉर्न मारणार नाही हे माहीत असलेल्या. एक म्हातारा नातवाला सायकल शिकवत होता. आणि त्यांच्या मागून आई येत होती. दोन बायकांच्या मधे, काहीतरी जोरजोरात सांगत. पाऊल जरा आखडतं होतं, पण टाकत होती ठणठणीत. हातात पिशवी नव्हती. दोन्ही हात मोकळे, आणि ती ते हलवत चालत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला हेवा वाटला. माझ्याकडं असताना न्हाणीघरातून पलंगापर्यंत येताना दोनदा भिंतीला टेकणारी माझी आई! ती माझ्या दांड्यांना, खुर्चीला, माझ्या बिनतेलाच्या भाजीला उठली नाही आणि ह्या चार विटांना उठली.

आईनं मला पाहिलं, खुश झाली. बरोबरच्या बायकांना म्हणाली, "ही माजी थोरली. साताऱ्यास्नं आलीया. गाडीनं."

"गाडीनंच येनार की एवढ्या लांबनं," त्यातली एक म्हणाली. मग मला म्हणाली, "तुमच्या आईला समदा पाट वळखतो बगा. तुमाला आमी आजच बगतुया."

त्यानंतरचा चहा मला कडू लागला. धाकटी पूर्वीपासून चहात साखर ओतते, तरी.

पिशवीचं काय झालं, ते मी शेवटी न राहवून विचारलं. धाकटी हसायला लागली. "आगं आक्का, पयल्यांदा समद्याच बायका पिशव्या घिऊन यायच्या. पाटावर ना दुकान ना गिरनी, आन् एकीएकीच्या हातात पिशवी. कोन कुनाला ईचारत नव्हतं. मग एक दिस वारं सुटलं आन् तलाठीनबाईंची पिशवी उडून पान्यात गेली. त्या थांबल्याच न्हाईत, तशाच फुडं चालत गेल्या. तवा कळलं, कोन कायबी म्हनत न्हाई. मग हळूहळू समद्यांनीच सोडल्या." आईनं सगळ्यात शेवटी सोडली म्हणे. त्या दिवशी घरी येऊन धाकटीला म्हणाली होती, हात हलकं वाटत्यात.

हे तिनं मला का सांगितलं नाही? रोज तर फोन होता.

धाकटीचा नवरा दुकान बंद करून आला. त्याला पाटाविषयी बोलायला फार आवडतं, आणि ऐकणारे आमचे हे सापडले. "दाजी, सोप्पं झालं न्हाई हे," तो सांगत होता. व्यापाऱ्यांना त्याच जागेवर दुपदरी रस्ता हवा होता, म्हणजे ट्रक मागून लागतील. चालणाऱ्यास्नी कशाला रस्ता, त्यास्नी पाय हायत की, असं भर सभेत कुणी म्हणालं होतं. हायस्कुलाच्या बाई अडून बसल्या. पलीकडच्या वाड्यांमधल्या पोरी दहावीनंतर घरी बसायच्या, कारण एसटीचा भरवसा नाही आणि मोठ्या रस्त्यानं सायकल घालायची आईबापांना भीती. त्या पोरी आता कॉलेजात येतात. तेच व्यापारी आता खांबांच्या तोंडाशी दुकान मिळावं म्हणून खटपट करतात, कारण गाडीवाला भुर्रकन जातो आणि चालणारा थांबतो, विचारतो, घेतो. त्यानं स्वतः मोटारींच्या शेजारी सायकल दुरुस्ती सुरू केली होती. पोटही बरंच आत गेलं होतं त्याचं.

मी हं हं करत होते. दोन ठिकाणचे ब्लॉक उचकटले होते आणि एका दिव्याची काच फुटली होती. ते मी येतानाच बघून ठेवलं होतं.

"आई, आवर तुझं," मी म्हटलं. "उद्या निघू."

"उंद्या?" आईनं धाकटीकडं पाहिलं. माझ्याकडं नाही, धाकटीकडं. "संक्रांतीला येते की."

गाडी रिकामीच परत आली. आमचे हे म्हणाले, "बंदोबस्त अच्छा है उनका." कराड येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

नाचता येईना अंगण वाकडं असं कुणी म्हणू नये म्हणून मी अंगणाचंही करून पाहिलं. कॉलनीच्या बैठकीत आजवर बायका नुसत्या चहाला असायच्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, मोठ्या रस्त्यापर्यंत तरी फूटपाथ मागूया, म्हाताऱ्या माणसांना, पोरांना चालता येईल. अध्यक्ष चांगले मनुष्य आहेत. ते म्हणाले, "वहिनी, चालतंय कोण आपल्यात?" सगळे हसले. चालत कुणी नाही कारण चालायला जागा नाही, आणि जागा नाही कारण चालत कुणी नाही. हे मी बोलून दाखवलं, तर कुणीतरी मागून म्हणालं, "चालायचंच." बैठकीत शेवटी रस्ता आणखी रुंद करून मागायचं ठरलं. एक फूटपाथ आहे आमच्याकडं, नाही असं नाही. त्यावर विजेचा डीपी आहे, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे आणि चायनीजची गाडी आहे. फूटपाथ सगळ्यांना उपयोगी पडतो, चालणाऱ्याला सोडून.

संक्रांतीला आई आली. शब्द पाळला तिनं. मी भोगीची भाजी केली, तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या, खोलीत नवे पडदे लावले. मनातून मी तिला परत पाठवणार नव्हते. तिचं गाठोडं मी वरच्या कपाटात ठेवून दिलं. राहा म्हटलं असतं तर ती राहिली असती. तोंडावर नाही म्हणणारी बाई नव्हे ती. धाकटीनंही हट्ट केला नसता. सगळं माझ्या हातात होतं.

पहिले दोन दिवस ती बोलत होती. पाटावरच्या कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणत्या पोरीला पोलीस भरतीला जायचंय आणि ती पहाटे तिथं पळते. मग बोलणं कमी झालं. गेटापाशी जायची, गजाला धरून उभी राहायची, उसाची ट्रॉली गेली की परत आत. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणायची, "आता तिकडं शाळा सुटली आसंल." मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. जेवण घटलं. उठताना पुन्हा भिंतीला हात लावायला लागली. मी स्वतःला सांगितलं, थंडी आहे, होईल बरं.

त्या आठवड्यात एक दिवस सकाळी मी धुणं वाळत घालून आत आले. आई हॉलमध्ये चालत होती. सोफ्यापासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून सोफ्यापर्यंत. माझी चाहूल तिला लागली नाही. तिच्या हातात रिकामी पिशवी होती.

माझ्या घरात. माझ्या आईला पिशवी लागत होती. मी तशीच दारात उभी राहिले, रिकामी बादली हातात. ती फ्रिजपाशी वळली तेव्हा मला दिसली आणि दचकली, चोरी सापडल्यासारखी. पिशवी पदराआड घेत म्हणाली, "काय न्हाई गं, जरा पाय मोकळं करत हुती."

मी धाकटीला फोन केला आणि म्हटलं, उद्या तिला सोडायला येते. "का गं आक्का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तिला तिकडंच बरं." हे तीन शब्द तोंडातून काढताना जे झालं ते मलाच माहीत. ती जिंकल्यासारखी हसली असती तरी मला बरं वाटलं असतं. ती नुसतं "बरं" म्हणाली.

गाडीत आई पुढं बसली. कराड मागं पडलं तशी तिची मान ताठ होत गेली. धाकटीच्या गावाच्या तोंडाशी कारखान्याला जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि आमची गाडी त्यात अडकली. बाजूलाच पाटाची वाट सुरू होत होती, ते लोखंडी खांब. आईनं पट्टा सोडला. "मी उतरते हितंच. तुमी या सावकाश."

"आई, थांब, जाऊ की बरोबर," मी म्हटलं. पण दार उघडून ती उतरली होती. खांबांमधून आत शिरली, एका सायकलवाल्या पोरीनं घंटा वाजवून तिला हात केला, आणि ती चालू लागली. उसाच्या ट्रॉल्यांच्या मधल्या फटींतून मला ती थोडा वेळ दिसत राहिली. नंतर करंजाची झाडं आली.

आम्हाला पोचायला बराच उशीर झाला. धाकटीच्या दारात चपला काढून मी आत गेले तर आई खाटेवर पाय सोडून बसली होती, हातात चहाची बशी. गुडघे चोळत नव्हती, की दम लागलेला नव्हता. तिनं माझ्याकडं मायेनं पाहिलं, आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून धाकटीला हाक दिली.

"आगं, हिलाबी च्या टाक. लांबनं आलीया ती."